काटेवाल्याच्या गाडीतली टक्

"आले!" टिटवी ओरडली.

खोलीत ऐकायला कुणीच नव्हतं. भिंतीवर एक पाल होती. तिनं शेपूट हलवली न हलवली, एवढंच.

"मावशी, ऐक ना! पूल आला बघ."

पालीला मावशी म्हणायचं, हे टिटवीनं सुट्टी लागल्या लागल्या ठरवून टाकलं होतं. माणसाला नात्याचं कुणीतरी लागतंच. आई आजारी आजीजवळ दूरच्या शहरात गेलेली. गाव नवं, शाळा अजून सुरू व्हायची, ओळख म्हणून कुणाशी नाही. सकाळी बाबांनी गाडीला किक मारली, की संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरची ही खोली, ही खिडकी आणि ही मावशी.

म्हणून टिटवी ऐकायची. दुसरं करणार काय! लोखंडी पुलावर गाडी पोकळ वाजायची, कुणीतरी रिकाम्या पिंपात शिरून डुगडुगतंय अशी. पेट्रोलपंपाच्या लांब भिंतीशी आली की एका गाडीच्या दोन व्हायच्या. मग चढ. चढावर गिअर बदलताना एक उचकी. मग कोपऱ्यावरच्या कुत्र्याचं भुंकणं, आणि मग फाटक.

गाडी बाबांनी जुनीच घेतलेली. किती जुनी? तिच्या पहिल्या मालकानं म्हणे घोडा विकून ही घेतली होती, आणि चढ आला की तो सवयीनं तिलाही टाच मारायचा. गाडीच्या एका बाजूला पोचा होता, तो त्याच टाचेचा. निदान गावभर असं सांगितलं जायचं.

डुगडुग, डुगडुग, डुगडुग... टक्!

टिटवी खिडकीतून मागे सरली. परवा हा आवाज तिला भास वाटला होता. काल वाटलं, दुसऱ्याच कुणाची गाडी असेल. आज मात्र शंका नाही. डुगडुग, डुगडुग... टक्!

बाबा जिना चढून आले, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि खुर्चीत जवळजवळ कोसळलेच. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानं, गोदामं, गिरण्या, गावोगाव फिरायचे. काट्यात डाळीच्या दाण्याएवढा फरक असला तरी बाबांच्या नजरेतून सुटायचा नाही. आणि त्याच बाबांच्या शर्टाची बटणं रोज एक घर चुकलेली असायची.

"बाबा, गाडी टक् करते."

"हं."

"हं काय? खरंच करते! नवी चेन बसवल्यापासून करते."

"मला तर नाही ऐकू आली."

"तुमच्या डोक्यावर हेल्मेट असतं! दोन्ही कानांवर गादी!"

बाबा डोळे मिटूनच हसले. "अगं, पेटी वाजत असेल. पितळेची वजनं आहेत तिच्यात. खड्डा आला की एकमेकांना टकरा देतात. उगाच टिटवीसारखी ओरडू नकोस."

नाव तिथूनच पडलेलं. टिटवी म्हणे काही झालं, न झालं, तरी ओरडत सुटते.

"आणि तीन दिवसांनी तर मोठी पेटी न्यायचीय," बाबा म्हणाले. "घाट उतरून पलीकडच्या सगळ्या गोदामांत." आणि बसल्या जागी झोपले. टिटवीनं त्यांच्या शर्टाची बटणं नीट लावली. मावशी चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेल्यावर टिटवीनं पेटी उघडली. प्रत्येक वजनाला एकेक मोजा घातला. बाबांचे मोजे संपले तेव्हा आपले घातले, आणि सगळ्यांत मोठ्या वजनाला कानटोपी. आता वाजा म्हणावं!

संध्याकाळी पूल आला. पोकळ डुगडुग आली. आणि तिच्या पाठोपाठ, सुट्टीतही न चुकता शाळेत येणाऱ्या आगाऊ मुलासारखी ती आली. टक्!

बाबा मात्र वेगळ्याच कारणानं लाल होऊन आले. "टिटवे! गिरणीच्या मालकांसमोर पेटी उघडली मी! चार माणसं उभी! आणि आतून काय निघालं? मोजे! मालक म्हणाले, काटेवाले, वजनांना थंडी वाजते का हो?"

टिटवीला हसू आलं. पण ते फार टिकलं नाही. "बाबा, म्हणजे पेटी नव्हे ती. उद्या तुम्हाला सुट्टी आहे. गाडी दाखवू या ना. परवा घाट आहे."

बाबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. "बरं बाई. दाखवू. तुझं समाधान."

गॅरेज चढाच्या पायथ्याशी होतं. त्याच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणायचे, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते स्वतःच स्वतःला म्हणायचे. उस्तादांचं पोट गाडीच्या टाकीसारखं गोल आणि आवाज फुटक्या सायलेन्सरसारखा. त्यांना अप्पा म्हणणारी त्यांची दोन मुलं अंगणात टायर पळवत होती. मोठा ढोल्या टिटवीच्याच वयाचा, आणि त्याच्या मागे मागे, तो जाईल तिथे जाणारी धाकटी बहीण शेपूट. खिडकीतून टिटवीनं या दोघांचा प्रत्येक खेळ पाहिला होता. प्रत्येक खेळाचे नियम तिला पाठ होते. खेळायला बोलावलं मात्र एकदाही नव्हतं. वर खिडकीत कुणी आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"आवाज?" उस्ताद गरजले. "माझ्या हातची गाडी आणि आवाज? थांबा!" त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. "किक मारा!"

डुगडुग, डुगडुग, डुगडुग. टक् काही आली नाही.

"एकदा एका शेठजींची गाडी आली होती," डोळे मिटून उस्ताद म्हणाले. "मी कान लावला आणि सांगितलं, शेठजी, इंजिनात मुंगी आहे. हसले! उघडून बघतो तर मुंगी! तीही लंगडी! सांगायचा मुद्दा, या गाडीला काही झालेलं नाही. म्हातारं माणूस खोकत नाही का? तसं."

"चालवून बघा ना," टिटवी म्हणाली.

"पोरी, डॉक्टर नाडी बघतो. पेशंटच्या पाठीवर बसून गावभर फिरत नाही!"

अंगणातून ढोल्या आणि शेपूट खिदळले. बाबाही हसले. "झालं ना समाधान, टिटवे?"

"बिनधास्त घाट करून या, काटेवाले," उस्तादांनी बाबांच्या खांद्यावर हात टाकला. "चला, आत चहा घेऊ. आमच्या भंगाराचा काटा जरा बघा. तो मेला मला रोज फसवतो."

दोघं आत गेले. टिटवी गाडीपाशी उभी राहिली. खोलीत एकटं असणं एक, आणि चार माणसांत एकटं असणं वेगळं. हे दुसरं जास्त टोचतं.

"टिटिव, टिटिव!" ढोल्यानं आवाज काढला. "तूच ना ती? गाडीला खोकला झालाय म्हणणारी?"

टिटवीच्या डोळ्यांत पाणी येणार होतं, पण त्याआधी राग आला. "तुझे अप्पा तपासत होते तेव्हा मागचं चाक फिरत होतं का?"

"छे! गाडी न्यूट्रलवर होती. चाक कसं फिरेल?"

"मग चालताना येणारा आवाज उभ्यानं कसा येईल? दात दुखतो म्हणून गेलं, आणि डॉक्टरांनी तोंडच उघडायला सांगितलं नाही, असं झालं हे!"

ढोल्याचं तोंड उघडं राहिलं. शेपटानं दादाकडे पाहिलं. "दादा, ही बरोबर बोलतेय."

"मला कळतं!" ढोल्या गुरगुरला. पण त्यानं टायर सोडून दिला होता. "इंजिन बंदच ठेवू या. ढकलून बघू. आली टक्, तर इंजिनाचा दोष नाही. नाही आली, तर तू हरलीस."

"हरले तर काय?"

"तर तू शेपटाशी दिवसभर घरघर खेळायचंस."

टिटवीला वाटलं, यात हरणं कुठे आहे? पण ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

ढोल्यानं हँडल धरलं, टिटवीनं मागून जोर लावला. गॅरेजसमोरच्या सपाट गल्लीत गाडी हळूहळू निघाली. शेपूट कान मागच्या चाकाकडे करून चालू लागली. इंजिन गप्प, गल्ली गप्प.

टक्!

"आली!" तिघं एकदम ओरडले.

"इंजिन निर्दोष!" ढोल्यानं निकाल दिला. "म्हणजे चाकात काहीतरी आहे. खडा अडकला असेल."

टिटवीनं गॅरेजच्या भिंतीवरचा खडू उचलला आणि मागच्या टायरवर एक जाड रेघ ओढली. "शेपूट, ही रेघ जमिनीला टेकली की तू टाळी वाजव. टक् आली की मी हात वर करीन. खडा असेल तर प्रत्येक टाळीला माझा हात वर जाईल."

पुन्हा ढकलगाडी सुरू. टाळी. टाळी. हात! टाळी. टाळी. टाळी. हात! टाळी. टाळी. हात!

"हे काय? कधी दोन, कधी तीन," घाम पुसत ढोल्या म्हणाला. "चाकाला मोजता येत नाही वाटतं."

"खडा नाही," टिटवी पुटपुटली. "चाकापेक्षा हळू फिरणारं काहीतरी आहे. चाकाच्या दोन-अडीच फेऱ्या होतात तेव्हा त्याची एक होते. काय असेल?"

तिघं विचारात पडले. शेपटाला विचार करायचा कंटाळा आला. तिनं खिळ्याला लटकलेली एक जुनी चेन ओढली आणि एका भंगार चक्राच्या दातांवर माळेसारखी गुंडाळू लागली. एक वेढा झाला. दोन झाले. तरी चेन उरलीच.

"दादा, ही संपतच नाही! चक्राला दोन वेढे घातले तरी शिल्लक!"

ढोल्यानं टिटवीकडे पाहिलं. टिटवीनं ढोल्याकडे पाहिलं.

"चेन!" दोघं किंचाळले.

"चेन लांब असते! तिची एक फेरी होईपर्यंत चाक दोन-अडीचदा फिरणारच!"

"म्हणजे चेनच्या एकाच जागी काहीतरी आहे, आणि तेच येऊन आपटतंय!" ढोल्या म्हणाला. "पण चेन तर कव्हरमध्ये झाकलेली. थांब, आत बघायला बूच आहे."

त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर चढवली. तिघं आणि एक गाडी, त्यात गाडीच जिंकेल असं वाटत होतं, पण शेवटी चढली. ढोल्यानं किल्ली काढून खिशात टाकली. "अप्पांचा नियम! चेनशी काम असेल तर इंजिन बंद, किल्ली खिशात आणि बोटं लांब. चेन बोट परत देत नाही."

कव्हरच्या पोटाशी एक गोल रबरी बूच होतं. ते निघालं आणि आत ग्रीसनं काळी चकचकीत चेन दिसली. टिटवीनं टॉर्च धरला. ढोल्या टायर धरून चाक पुढे फिरवू लागला. एकामागून एक कड्या सरकत होत्या, सगळ्या सारख्या.

टक्!

"थांब!"

बुचाच्या भोकात एक कडी आली होती. तिच्या अंगावर माशासारखी एक चिमुकली पत्र्याची पट्टी होती, पण अर्धी सुटलेली. तिचा एक पाय बाहेर आला होता, आणि तोच कव्हरला आपटत होता.

ढोल्याचा चेहरा उतरला.

"काय आहे ते?"

"चेनचं लॉक," तो हळू म्हणाला. "चेनची दोन टोकं जोडतात ना, तिथे बसतं. डोकं बंद, शेपटी उघडी. चेन पळते तिकडे माशाचं डोकं हवं. मासा शेपटीकडून पोहत नाही, असं अप्पाच सांगतात. आणि हा... हा उलटा बसवलाय. म्हणून अडखळत अडखळत निसटतोय."

"पूर्ण निसटला तर?"

"चेन सुटेल. सुटलेली चेन चाकात अडकली तर चाक एकदम..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"घाटात," टिटवी म्हणाली. उद्या संध्याकाळी ती खिडकीत बसली असती. पूल वाजला नसता. पंपाची भिंत वाजली नसती. आणि तिनं मावशीला सांगत राहायचं असतं, येतील हं, आत्ता येतील.

ढोल्या जमिनीकडे बघत होता. चेन कुणी बसवली, हे तिघांनाही माहीत होतं. आता हा बूच लावून टाकणार, टिटवीला वाटलं. आपल्या बापाची चूक कोण चव्हाट्यावर मांडेल? आत्ताच तर दोघं मिळाले होते. तासभर पण नाही झाला.

"त्या दिवशी अप्पा लंगड्या मुंगीची गोष्ट सांगत होते," ढोल्या अखेर म्हणाला. "रंगात आले की हात कुठे जातात, त्यांचं त्यांना कळत नाही." त्यानं नाक पुसलं, त्यामुळे नाकावर ग्रीसची मिशी आली. "सरळ सांगितलं तर ऐकणार नाहीत. म्हणतील, उस्तादाला शिकवतोस? आणि तुझे बाबा म्हणतील, टिटवी ओरडली."

"मग?"

ढोल्याच्या मिशीखाली हसू फुटलं. "मग त्यांनाच सांगायला लावू! कान जवळ आण."

थोड्याच वेळात शेपूट बाबा-उस्तादांपुढे जाऊन उभी राहिली. "अप्पा, ही मुलगी म्हणते तुमचा कान काही खरा नाही. मुंगीची गोष्ट थाप आहे म्हणते!"

"काय?" कप दाणकन खाली आला.

"डोळे बांधून कुठल्याही गाडीचं दुखणं सांगाल का, विचारते."

"कुठल्याही! डोळे बांधून! एका पायावर उभा राहून!"

उस्तादांचे डोळे कापडानं बांधले, त्यांना अंगणात उभं केलं. एका पायावरचा बेत त्यांच्या पोटानं रद्द केला. बाबा दारात उभे राहून बघत होते. टिटवीनं त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. ढोल्यानं आणि तिनं गाडी उस्तादांसमोरून ढकलत नेली.

टक्!

उस्तादांची मान वळली. थापा मारताना फुगणारा चेहरा एकदम शांत झाला. "पुन्हा."

टक्!

"इंजिन बंद आहे, म्हणजे त्याला सोडा. चाकाच्या फेरीला येत नाही. चेन आहे. चेनची एकच कडी. कव्हर आहे ना? स्टँडवर घ्या, बूच काढा. चाक घट्ट धरा, हलवलंत तर याद राखा!" गाडी स्टँडवर चढली. टिटवीनं चाक हळूच फिरवून ती कडी भोकाशी आणली, आणि दोन्ही हातांनी टायर आवळून धरला. उस्तादांनी करंगळी आत घातली. "हं. मासा अर्धा बाहेर. आणि डोकं... अरे! अरे अरे! डोकं मागे! कुठल्या गाढवानं बसवलंय हे? माणूस मारायचाय का कुणाला? त्या गाढवाला माझ्यासमोर आणा, कान उपटतो त्याचे!"

शेपटानं अप्पांचा सदरा ओढला.

"अप्पा," शेपूट म्हणाली, "त्याला आणायला नको. ते कान तुमचेच आहेत."

उस्तादांनी कापड ओढून काढलं. गाडी पाहिली. पोचा पाहिला. दारातले काटेवाले पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकही गोष्ट आठवेना. त्यांनी दोन्ही हातांनी आपलेच कान धरले.

"काटेवाले, चुकलो. हसण्यावारी नेलं मी. तुमच्या मुलीचे पाय धरावेत असं काम केलंय तिनं. आणि तू रे ढोल्या! बापाला बापाच्याच कानानं पकडलंस! ये इकडे." ढोल्या बिचकत पुढे गेला. उस्तादांनी त्याला पोटाशी असा आवळला, की त्याची ग्रीसची मिशी अप्पांच्या सदऱ्यावर उमटली. "माझ्याहून बरा मिस्त्री होशील. कमी बोलतोस."

त्यांनी डब्यातून नवं लॉक काढलं, सगळ्यांना दाखवून डोकं पुढे करून बसवलं, आणि या वेळी तोंडातून एक शब्द काढला नाही. ढोल्याच्या म्हणण्याप्रमाणे गॅरेजच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी शांतता होती.

बाबा दारातून पुढे आले. ते टिटवीपाशी उकिडवे बसले. "मला गाडीवर बसून ऐकू आली नाही. तुला लांबून कशी गं ऐकू आली?"

"पुलापासून ऐकते ना मी. पुलावर गाडी पोकळ वाजते. मग पंपाच्या भिंतीशी दोन होतात. मग चढावर उचकी. मग कुत्रा. मग तुम्ही." ती थांबली. "रोजच ऐकते."

"रोज?"

"दुसरं काय असतं तिथे?"

काट्यातला दाण्याएवढा फरक पकडणारे बाबा तिच्याकडे नुसतेच बघत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "उस्ताद, गाडी पुलापलीकडे नेऊन आणता? पेशंटच्या पाठीवर बसून? आम्ही दोघं वर जातो."

वरच्या खोलीत बाबांनी खुर्ची खिडकीशी ओढली. टिटवी खिडकीच्या कट्ट्यावर बसली, तिच्या नेहमीच्या जागी. खाली रस्ता रिकामा होता. उस्ताद दिसेनासे झाले, मग आवाजही विरला. नळ ठिबकत होता. कोपऱ्यावरचा कुत्रा झोपला होता.

बाबांनी पाय बदलला. रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा पाय बदलला.

"किती वेळ लागतो गं!"

"एवढाच लागतो," टिटवी म्हणाली.

"काही झालं तर नसेल?"

"असं रोज वाटतं. मग येते."

बाबांनी खुर्ची आणखी पुढे सरकवली. ते आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची वाट बघत होते. त्यांनी हात पुढे केला आणि टिटवीची वेणी मुठीत धरून ठेवली, गर्दीत हरवू नये म्हणून धरावी तशी.

खूप लांब, रिकाम्या पिंपात, कुणीतरी डुगडुगलं.

"पूल!" बाबा उभेच राहिले.

"शू! ऐका."

एका गाडीच्या दोन झाल्या. मग चढ, मग उचकी. कुत्रा भुंकला. डुगडुग, डुगडुग, डुगडुग. टिटवी श्वास रोखून पुढची जागा ऐकत होती. ती जागा रिकामी गेली. पुढचीही रिकामीच.

"आले!" बाबा ओरडले.

खालून फाटक वाजलं, आणि पाठोपाठ जिन्यावर धडधड झाली. दारात ढोल्या उभा होता, त्याच्या मागे शेपूट. "ए टिटवे, इथून आमचं अंगण दिसतं? सगळं? मग खाली ये की! चोर-शिपाई खेळायचंय, आणि आम्हाला एक चोर कमी पडतो."

टिटवीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी वेणी सोडली.

"जा. पण उद्या संध्याकाळी पुलावर आलो की खिडकीत ये हं. मी हेल्मेटच्या आतून ऐकत असेन."

"तुम्हाला काय ऐकू येणार, बाबा?"

"टिटवी," बाबा म्हणाले.

भिंतीवर मावशी चुकचुकली. नात्यातलीच होती, तिलाही पटलं असावं.